वैष्णवीच्या लग्नाचं शुद्धिपत्रक

लातूर-नांदेडकडच्या कुठल्याही कचेरीत जा, अनंतराव उमरीकर सरांचं नाव काढा, निदान एक जण तरी खुर्चीतून अर्धा उठतोच. कुणी तलाठी झालेला, कुणी फौजदार, कुणी मंत्रालयात जाऊन बसलेला. सगळ्यांनी कधी ना कधी लातूरला सरांच्या वर्गात दाटीवाटीनं बसून राज्यघटना घोकलेली. आणि सगळ्यांनी सरांचा एकच एक हट्ट सोसलेला. तो हट्ट म्हणजे तारीख.

पोरगं उभं राहून म्हणालं, "सर, हा कायदा अमुक साली झाला," की सर खडू खाली ठेवायचे. "झाला म्हंजे काय झाला? सभागृहात मंजूर झाला, का वर सही झाली? राजपत्रात छापून आला, का लागू झाला? चार दिवस चार वेगळे असतेत बाबा. लेकरू जन्मलं कवा, बारसं कवा, शाळेत नाव घातलं कवा, हे सगळं एकच हाय का?" पोरगं खाली बसायचं आणि जन्मभर ते चार दिवस विसरायचं नाही.

हा हट्ट उगाच जडला नव्हता. सर मूळचे किल्लारीजवळच्या एका खेड्यातले. भूकंपात त्यांचे आईवडील गेले. सर, त्यांच्या पत्नी सौदामिनीबाई आणि दहा महिन्यांची वैष्णवी गणपतीसाठी नांदेडला, बाईंच्या माहेरी आले होते, म्हणून तेवढे तिघे वाचले. भूकंप झाला विसर्जनाच्या रात्री, उजाडायच्या आत. गावाच्या हिशेबानं सूर्य उगवेपर्यंत आदलाच दिवस, सरकारच्या हिशेबानं बारा वाजले की पुढचा. मग वडिलांच्या दाखल्यावर एक तारीख पडली आणि आईच्या दाखल्यावर दुसरी. एका छताखाली एका क्षणी गेलेली दोन माणसं कागदावर मात्र वेगवेगळ्या दिवशी मेली. ते दुरुस्त करून घ्यायला सरांनी वर्षभर चपला झिजवल्या. तेव्हापासून तारखेत ढिलाई करणारा माणूस त्यांना डोळ्यांसमोर नको असायचा.

मातीच्या ढिगाकडे परत जाण्यात अर्थ नव्हता. सर लातूरला आले, एक खोली भाड्यानं घेऊन शिकवायला बसले. पुढं लातूरचं काय झालं ते सगळ्यांना ठाऊक आहे. जिल्ह्याजिल्ह्यांतून पोरं ट्रंका घेऊन उतरायला लागली, गल्लीगल्लीत क्लासच्या पाट्या लागल्या, खाणावळीवाल्यांनी माड्या चढवल्या. सरांनी माडी चढवली नाही, पण नाव कमावलं. वर्गाची रीत अशी, की चाचणी झाली की उत्तरसूची फाटकावर लावायची आणि तीन दिवस हरकती घ्यायच्या. हरकत खरी निघाली तर शुद्धिपत्रक काढायचं, नाहीतर प्रश्नच रद्द करून सगळ्यांना गुण वाटायचे. सरांच्या प्रश्नांवर हरकती पुष्कळ आल्या. उत्तर बदलावं लागलं असं एकदाही झालं नाही. निवृत्तीनंतर सर नांदेडला येऊन राहिले, तरी दर गुरुवारी एसटीनं लातूरला जायचे. तिथला क्लास आता त्यांचा जुना विद्यार्थी राघवेंद्र चालवायचा, आणि त्याला सर नुसते वर्गात दिसले तरी पुरायचं.

तर असा हा तारखांचा माणूस, आणि त्याच्या एकुलत्या एका मुलीच्या लग्नाची तारीख त्याच्याच हातून चुकली. ती कशी, ते ऐका.

वैष्णवी बँकॉकच्या एका शाळेत गणित शिकवायची. एका दिवाळीला ती सुदारत नावाच्या थाई मुलीला घेऊन घरी आली. सुदारत दवाखान्यात फिजिओथेरपी करायची. तिनं पहिल्याच दिवशी धुरपताबाईंचा, म्हणजे शेजारच्या म्हातारीचा, धरलेला गुडघा मोकळा करून दिला. जायच्या आदल्या दिवशी वैष्णवीनं आईबापांना समोर बसवून सांगितलं की ही मैत्रीण नाही, हिच्याबरोबर मला जन्म काढायचा आहे. सर भिंतीकडे बघत राहिले. सौदामिनीबाई म्हणाल्या, "मला कळालं होतं. तिच्या ताटातल्या मिरच्या तू न विचारता काढून घेत होतीस."

सरांना कळायला वेळ लागला. राग आला असं नाही, पण गाव, नातलग, विद्यार्थी, सगळे एकदम डोळ्यांपुढं उभे राहिले. दिल्लीत सर्वोच्च न्यायालयात अशा लग्नांबद्दलचा खटला चालू होता तेव्हा सर रोज वैष्णवीला फोनवर एखाद्या बातमीदारासारखे सगळं सांगायचे. दोन हजार तेवीसच्या ऑक्टोबरात निकाल लागला. असं लग्न मानायचं की नाही हे संसदेनं ठरवावं, असं न्यायालय म्हणालं. वैष्णवी फोनवर रडली. तेव्हा सर म्हणाले, "बाई, कायद्यात नाही त्याला मी लग्न कसं म्हणू? पण तू जिथं राहतीस तिथं ज्या दिवशी कायदा लागू होईल, त्या दिवशी मी बाप म्हणून उभा राहीन. पत्रिका छापीन, गावभर वाटीन." पोरीची समजूत पटली आणि सरांचीही सोय झाली. कायदे काही उद्याच होत नसतात, हे त्यांच्याएवढं कुणाला माहीत?

पण कायद्याला सरांच्या सोयीचं काय पडलं होतं. वर्ष पुरं व्हायच्या आत थायलंडच्या संसदेनं विधेयक मंजूर केलं, राजाची सही झाली आणि चोवीस सप्टेंबरला ते तिथल्या राजपत्रात आलं. प्रसिद्धीपासून एकशेवीस दिवस पूर्ण झाले की लागू. वैष्णवीचा फोन आला. "बाबा, तुमचा शब्द हाय."

आणि इथं सरांना काय झालं कुणास ठाऊक, छाती भरून आली. कायदा झाला होता आणि त्या कायद्यात त्यांची लेक बसत होती. उभं आयुष्य दुसऱ्यांच्या पोरांना कायदे शिकवण्यात गेलं होतं. हा पहिलाच कायदा त्यांच्या घरासाठी झाला होता. दुसऱ्यांच्या घरी लग्नाची तारीख गुरुजी काढतात, आपल्या घरी आपण काढायची, असं म्हणून ते आंघोळ करून, धुतलेला सदरा घालून भिंतीवरच्या यंदाच्या आणि पुढच्या वर्षीच्या कॅलेंडरांपुढं उभे राहिले. चोवीस सप्टेंबरवर बोट ठेवलं आणि म्हणाले, "एक."

तिथंच घात झाला. बारसं असो की तेरावा, आपल्या घरी घडल्या दिवसापासून मोजायला लागतात. तो दिवस धरायचा. कायदा तो धरत नाही, पहिला दिवस सोडून मोजतो. हे सरांनी हजारो पोरांना शिकवलं होतं, पण त्या घटकेला ते सर नव्हते, नवरीचे बाप होते. मोजत मोजत एकवीस जानेवारीला एकशेवीस भरले, म्हणजे बावीसला लागू. काही बातम्यांतही बावीसच आलं होतं. सरांनी बावीसच्या चौकटीला कुंकवाचं बोट लावलं. वैष्णवी म्हणाली होती की लागू होईल त्याच दिवशी सकाळी आम्ही नोंदणीला उभ्या राहू, तारीख तुम्ही पत्रिकेत घाला.

पत्रिका छापायची कलीमभाईंकडे. कलीमभाईंचा नांदेडचा छापखाना बापजाद्यांपासूनचा, सासरवाडीची ओळख म्हणून सरांच्या पहिल्या चाचणीपासून सगळं तिथंच छापलेलं. सरांनी दुकानातच मजकूर लिहायला घेतला. 'आमची कन्या चि. सौ. कां. वैष्णवी हिचा विवाह,' इथपर्यंत पेन सरसर चाललं. मग सुदारतचं नाव. सरांनी 'चि.' लिहिलं. वराला चि., वधूला चि. सौ. कां., ही रीत पोराटोरांनाही ठाऊक. पुढं सौ. कां. लिहायचं होतं. पेन थांबलं. सुदारत हे नाव बाईचं की बुवाचं, नांदेडात कुणाला कळणार? झाकली मूठ सव्वा लाखाची. सरांनी तसंच पुढं 'सुदारत' लिहून कागद दिला.

कलीमभाईंनी वाचला. "सर, ही तीच ना? आमच्या घरी बानोच्या हातची बिर्याणी खाऊन गेलेली?"

"छापा," सर म्हणाले. "जागा कमी पडते."

पत्रिकेवर इतकी मोकळी जागा होती की अर्धी राज्यघटना मावली असती.  पत्रिका छापून आल्या. सौदामिनीबाईंनी वाचल्या, माहेरच्या माणसांना द्यायचा गठ्ठा उचलला आणि कपाटात ठेवून कुलूप लावलं. सरांनी आपला गठ्ठा मात्र वाटला. लोकांनी पत्रिका उलटसुलट केल्या. पण नांदेडच्या लोकांची नजर गेली कुठं? "पौषात लग्न? पौषात कुठं लग्न असतंय का सर?" सर ताठ मानेनं सांगायचे, "तिकडच्या कायद्याला पौष न्हाई." पुतण्या अंबरीश म्हणाला, "काका, जावई काय करतात?" सर म्हणाले, "दवाखान्यात हायत." लोक म्हणायचे परदेशी जावई मिळाला, नशीब काढलं. ते ऐकताना सरांना बरं वाटायचं, आणि घरी आल्यावर सौदामिनीबाईंशी नजर मिळवायला जड जायचं.

अंबरीशनं पत्रिकेचा फोटो काढून घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला. त्या ग्रुपवर वैष्णवीही होती.

तिचा फोन आला तेव्हा सर जेवायला बसले होते. "बाबा, तारीख चुकलीय. तेवीस जानेवारी हाय. इथं नोंदणी तेवीसला सुरू होणार."

सर हसले. पंचवीस वर्षं हरकती परतवलेला माणूस. "तुमच्या लोकांनी चुकून मोजलं असंल. पेपरातपण बावीसच आलंय."

"पेपर बघून उत्तर लिहिणाऱ्याला तुम्ही वर्गाबाहेर काढायचात. पहिला दिवस कामून धरला?"

सरांचा घास हातातच राहिला. त्यांनी कॅलेंडरकडे बघितलं, मनात पुन्हा मोजलं, चोवीस सोडून. तेवीस. 

"ती चूक झाली," ते म्हणाले. "मान्य."

"त्याचं काही न्हाई बाबा. चूक कुणाची पण होते." वैष्णवी पुढं म्हणाली, "पण चि. ही चूक न्हाई. ते तुम्ही समजून लिहिलंत. सुदारतला मराठी येत न्हाई, तिला मी काय सांगू, माझ्या बापानं तुला पुरुष करून टाकलं म्हणून? तुम्ही तिला लपवून येणार असाल तर येऊ नका. साक्षीदार म्हणून सहीला मी शाळेतल्या कुणाला तरी घेईन. तुम्ही आलात तर खरं सांगून या."

फोन बंद झाला. सौदामिनीबाई समोर पोळी वाढत होत्या. "मी एकटी जाईन असं वाटलं असंल तर तेपण होणार न्हाई," त्या म्हणाल्या. "मला नवरीची आई म्हणून जायचंय. चोरून जायला तिनं काय गुन्हा केलाय?" सरांनी ताट सारलं. भूक तर गेलीच होती, आता बसायलाही सुचेना. जन्माला घातलेल्या एकुलत्या लेकीच्या लग्नाला आपल्याला येऊ नका म्हटलं गेलं, आणि त्यावर हरकत घ्यायला तोंड उरलं नाही, हे त्यांना एवढ्या वयात पहिल्यांदा कळलं.

दुसऱ्या दिवशी गुरुवार. सर लातूरला उतरले तर क्लासच्या फाटकावरच राघवेंद्र उभा. सरांनी मागच्या चाचणीत प्रश्न घातला होता: थायलंडमध्ये समलिंगी विवाहाला कायद्यानं मान्यता कोणत्या दिवसापासून? उत्तरसूचीत बावीस. त्या एका प्रश्नावर हरकतींचा गठ्ठा पडला होता. सगळ्यात वरची नायगावच्या अपूर्वा नावाच्या मुलीची. तिनं एकच ओळ लिहिली होती: 'सर, पहिला दिवस धरायचा नाही, हे तुम्हीच सांगितलंय.'

राघवेंद्र हळू आवाजात म्हणाला, "सर, प्रश्न रद्द करून टाकू. सगळ्यांना गुण देऊ. तुमच्या नावाला कामून धक्का?"

प्रश्न रद्द केला की कुणाचं वाईट होत नाही, कुणी काही विचारत नाही. हीच सोय घरीही होती. पत्रिका वाटून झाल्या होत्या, लग्न परदेशात. गप्प बसलं असतं तर दोन महिन्यांनी कुणाच्या लक्षातही राहिलं नसतं. लेक मात्र रद्द झाली असती. फाटकापाशी उभं असताना सरांना हे स्पष्ट दिसलं.

"रद्द न्हाई," ते म्हणाले. "रद्द करायला प्रश्न चुकीचा न्हाई. माझं उत्तर चुकीचं हाय. शुद्धिपत्रक काढा."

वर्गात गेल्यावर त्यांनी स्वतः फळ्यावर मोठ्या अक्षरांत तेवीस जानेवारी लिहिलं आणि अपूर्वाला उभं करून सगळ्यांना टाळ्या वाजवायला लावल्या. तीनशे पोरं अवाक् झाली. सरांच्या उत्तरात दुरुस्ती, हे त्यांनी कधी ऐकलं नव्हतं. मागून एकानं विचारलं, "सर, मग आपल्याकडं कवापासून?"

सरांनी खडू खाली ठेवला. "आपल्याकडं अजून न्हाई. न्यायालयानं ते संसदेवर सोडलंय. संसद कवा करंल, ती तारीख मला माहीत न्हाई." तारीख माहीत नाही, हे शब्द त्या फळ्यापुढं सरांच्या तोंडून कधी निघाले नव्हते. "तुमच्यातलं कुणीतरी उद्या त्या खुर्चीवर बसंल. तवा लक्षात ठेवा, राजपत्रात येऊस्तोवर कुणाच्या घरी तरी कुणीतरी वाट बघत असतंय." मग त्यांनी चष्मा पुसला. "माझ्या घरी बघत होतं. तेवीस तारखेला माझ्या मुलीचं लग्न हाय. सून म्हणा, जावई म्हणा, जी येतीय ती मुलगीच हाय."

कुणी हसलं नाही.  अपूर्वा एकटी खाली मान घालून वहीत काहीतरी लिहीत राहिली. सरांनी पुढचा प्रश्न घेतला आणि तास नेहमीच्या वेळेला सोडला. परतीच्या एसटीत मात्र ते हिशेब करत राहिले. लातूर ठीक. लातूर म्हणजे वर्ग. आता नांदेड राहिलं होतं, आणि नांदेड म्हणजे घर.

कलीमभाईंच्या छापखान्यात प्रूफ वाचायची जुनी रीत होती. एकानं मोठ्यानं वाचायचं, दुसऱ्यानं मूळ कागदावर बोट ठेवून पडताळायचं. कलीमभाईंनी बोट ठेवलं आणि म्हणाले, "वाचा सर." दुकानात चार गिऱ्हाइकं उभी होती. कुणाची वास्तुशांतीची पत्रिका, कुणाचं बिलबुक. सरांनी घसा साफ केला.

"शुद्धिपत्रक. आमच्या घरच्या लग्नपत्रिकेत दोन चुका झाल्या. विवाहाचा दिनांक बावीस ऐवजी तेवीस जानेवारी, गुरुवार, असा वाचावा. चि. सुदारत ऐवजी चि. सौ. कां. सुदारत असं वाचावं. दोघीही वधू आहेत. पहिली चूक मोजण्यात झाली, दुसरी भीतीपोटी. दोन्ही चुका वधूपित्याच्या. अनंतराव उमरीकर."

गिऱ्हाइकं एकमेकांकडे बघायला लागली. कलीमभाई बोट न उचलता म्हणाले, "बरोबर हाय सर. एक अक्षर इकडचं तिकडं न्हाई. संध्याकाळपर्यंत देतो, फिकर नक्को करो."

संक्रांत होऊन चार दिवस झाले होते. सौदामिनीबाईंचं हळदीकुंकू त्याच आठवड्यात ठरलेलं. गल्लीतल्या, नात्यातल्या बायका जमल्या, तिळगूळ झाला, वाण म्हणून स्टीलच्या डब्या वाटायची वेळ आली. हळदीकुंकवात पुरुषानं आतल्या खोलीत बसायचं असतं. सर बाहेर आले. हातात कलीमभाईंनी दिलेला गठ्ठा. बायकांनी पदर सावरले, कुणी हसल्या. सौदामिनीबाईंनी नवऱ्याकडे बघितलं आणि कुलपातल्या पत्रिका आता वाटायला आणाव्यात म्हणून किल्ली कमरेतून काढली.

"तुमच्या घरांत मी पत्रिका दिली होती," सर म्हणाले. "ती चुकीची हाय. आता वाचतो ती बरोबर." आणि छापखान्यात वाचलं तसंच, तितक्याच मोठ्यानं, त्यांनी पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं. 'दोघीही वधू आहेत' म्हणतानाही शब्द गिळला नाही.

 अंबरीशची बायको खाली मान घालून डबीचं झाकण लावत-काढत बसली. एक जण उठली, हळद लागलेलं कपाळ पुसल्यासारखं करून "आम्हाला उशीर व्हायलाय" म्हणून चपला घालून गेली. तिच्यामागं आणखी एक गेली. सरांनी त्यांना अडवलं नाही. जाणाऱ्यांच्या हातातही त्यांनी एकेक कागद दिला.

आता सगळ्यांचे डोळे धुरपताबाईंकडे लागले. गल्लीत लग्नाचं, मयताचं, बारशाचं काय शोभतं, काय नाही, हे त्याच ठरवायच्या. म्हातारी खुर्चीत बसली होती, पाय लांब करून. तिनं गुडघ्यावरून हात फिरवला.

"सुदारत म्हंजे ती गोरीवानी? माजा गुडगा चोळून गेली ती?"

"हो आजी. तीच," सर म्हणाले.

"आन् तिचं आन् आपल्या वैष्णवीचं लगीन."

"हो."

"त्या देशात चालतंय?"

"तेवीस तारखेपासून चालतंय. कायद्यानं."

 सौदामिनीबाई दारात उभ्या, हातात पत्रिकांचा गठ्ठा, चेहरा दगडासारखा. मग म्हातारीनं त्यांना जवळ बोलावलं.

"काय गं, नवरीसाठी खण किती घेतलेस?"

"एक. वैष्णवीचा."

"येडी का खुळी तू?" म्हातारी चिडली. "दोन नवऱ्या म्हनायला तुजा नवरा, आन् तू एक खण घेऊन निघालीस व्हय? त्या लेकराची ओटी कोन भरनार? एकीला भरली आन् दुसरी बघत बसली तर थितली मान्सं नांदेडला काय म्हनतील? म्हनतील, ह्यांच्यात रीतभात न्हाई. उद्या सकाळी मला रिक्षात घाल. खण मी निवडनार. हिरवा न्हाई, ती गोरी हाय, तिला जांभळा दिसंल."

कुणीतरी हसलं. अंबरीशची बायको म्हणाली, "आजी, नारळ विमानात नेऊ देतात का हो?" आणि मग नारळ न्यायचा की तिकडंच घ्यायचा, तिकडं ओल्या नारळाला तोटा नाही, तांदूळ मात्र इकडचेच असावेत, यावर एकदम पाचसहा जणी बोलायला लागल्या. सौदामिनीबाई मधेच खाली बसल्या आणि पदर तोंडाला लावून रडल्या. इतक्या दिवसांत त्या पहिल्यांदा रडत होत्या. सर गठ्ठा हातात धरून तसेच उभे राहिले. बायकांच्या गलक्यात त्यांना आता कुणी विचारत नव्हतं.

ते मागच्या अंगणात गेले. शुद्धिपत्रकाचा फोटो काढून त्यांनी स्वतःच्या हातानं घरच्या ग्रुपवर टाकला. मग राघवेंद्रच्या क्लासच्या ग्रुपवर टाकला. मग जुन्या विद्यार्थ्यांच्या, ज्यात फौजदार होते, तहसीलदार होते.  तिळगुळाचा हात सदऱ्याला पुसून ते वैष्णवीच्या फोनची वाट बघत बसले.

फोन लवकर आला. 

"बाबा, वाचलं. सुदारतला वाचून दाखवलं, एकेक शब्द सांगून."

"काय म्हणाली?"

"म्हणाली, त्यांना कशाची भीती वाटली ते विचार."

सर म्हणाले, "सांग तिला, कशाची ते आता आठवत न्हाई."

वैष्णवी हसली, आणि हसता हसता तिचा आवाज भरून आला. "विमान किती वाजता उतरतंय? घ्यायला आम्ही दोघी येतो."

 आतून धुरपताबाई मोठ्यानं ओरडून कुणालातरी सांगत होत्या, की नवऱ्या दोन असल्या तर करवल्यापन दोन लागतेत. सरांनी फोन आतल्या दाराकडं धरला. लेकीलाही ते ऐकू जावं एवढ्यासाठी.